छापखान्यातला संगणक : प्रोसेसर कोण खातंय?

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

सकाळी साडेनऊला छापखान्याच्या काकांचा फोन. "अरे, डीटीपीचा कॉम्प्युटर पार गोगलगाय झालाय. ताई टाइप करते आणि अक्षरं चहा पिऊन येतात. बघ की जरा येऊन."

दिवाळी अंकाचं काम चालू आहे. १९२ पानं, म्हणजे सोळापानी १२ फर्मे. पाच लागलेत, सात बाकी. प्लेटला फाइल जायची शेवटची तारीख २५. नवीन मशीन घ्या असं मी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. आता पितृपंधरवडा लागलाय, २१ तारखेच्या सर्वपित्रीपर्यंत काका नवीन वस्तू घरात आणणार नाहीत आणि घट बसल्यावर सगळं नव्या मशीनवर हलवायला वेळ नाही. आहे तेच पळवायचं.

मशीन : कोअर आय३-४१३०, म्हणजे २०१३ सालचा प्रोसेसर. दोन कोअर, चार थ्रेड (म्हणजे एका वेळी चार कामं हाकणारे चार हात), वेग ३.४ गिगाहर्ट्झ. रॅम ८ जीबी. दोन वर्षांपूर्वी मीच २४० जीबीची एसएसडी बसवली. विंडोज १०, आवृत्ती २२एच२. पानं लावायला पेजमेकर ७, कव्हर-चित्रांना कोरल, आणि तीन पिढ्यांचे देवनागरी फॉन्ट.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर वापरतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. काका पाठीशी उभे. डिटेल्सच्या यादीत सगळ्यात वर 'सिस्टिम आयडल प्रोसेस', पुढे ६८. काका म्हणाले, "हा बघ चोर! सदुसष्ट-अडुसष्ट टक्के एकटा खातोय. काढून टाक त्याला." ही चूक दर चौथा माणूस करतो. आयडल म्हणजे रिकामा. कामगार हात बांधून बसलेत तो वेळ विंडोज त्या नावाखाली मांडतं. काकांना म्हटलं, हा आकडा जितका मोठा तितकं बरं. त्यांना ते पटलं नाही, पण गप्प बसले.

त्याखालीच खरा गडी : डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट (विंडोजचाच पडद्यामागचा एक प्रोग्रॅम), २५. हलेना. चार थ्रेडच्या मशीनवर २५ हा आकडा असा खिळा ठोकल्यासारखा थांबला की एक थ्रेड पूर्ण अडकलाय असं समजायचं. दोन थ्रेडच्या मशीनवर तो ५० दिसला असता, आठच्या मशीनवर साडेबारा. पंचवीसचा आकडा बघून 'अजून पाऊण प्रोसेसर शिल्लक आहे की' असं वाटतं. पेजमेकरसारखा २००१ सालचा प्रोग्रॅम बहुतेक काम एकाच थ्रेडवर करतो, त्याला त्या पाऊण प्रोसेसरचा फारसा उपयोग नाही.

एक विचित्र गोष्ट, नुसती टिपून ठेवतो. पहिल्या म्हणजे प्रोसेसेसच्या पानावर वरती एकूण वापर १२ टक्के दाखवतो. डिटेल्समध्ये रिकामा वेळ ६८, म्हणजे वापर ३२ हवा. एकाच घडीला एकाच मशीनचे दोन हिशेब. परफॉर्मन्सच्या पानावर वेग १.१२ गिगाहर्ट्झ. काम कमी असलं की हा प्रोसेसर वीज वाचवायला ०.८ पर्यंत उतरतो, त्यातलंच असेल.

त्याच पानावर अप टाइम १६ दिवस. ताई म्हणाल्या, "अहो, मी रोज रात्री बंद करून जाते." त्यांचं खरं आहे. पण विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर आतला गाभा मिटवला जात नाही, डिस्कवर झोपवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो. सेवांची जुनी दुखणीही त्याच्याबरोबर उठतात. कोरी सुरुवात हवी असेल तर रिस्टार्टच करावं लागतं. शेवटचं खरं रिस्टार्ट गणपतीच्या आदल्या दिवशीचं.

आज कुठल्याही प्रोग्रॅमला किंवा सेवेला हात लावला नाही. संध्याकाळी ताईंचं काम संपल्यावर रिस्टार्ट. अपडेट तुंबलेलं होतं, ते बसलं. फास्ट स्टार्टअप बंद केला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी नऊला मशीन चालू. अपडेटनंतरचा पहिला अर्धा तास मोजमापाला घ्यायचा नसतो. मॉड्यूल्स इन्स्टॉलर सामान लावत असतो, डॉटनेटवाला आपले प्रोग्रॅम पुन्हा उकळून ठेवत असतो, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर नव्या फाइली चाळत असतो. ही सगळी मंडळी काम संपलं की आपोआप जातात. लोक नेमके तेव्हाच टास्क मॅनेजर उघडतात, घाबरतात आणि इंटरनेटवर बघून सेवा बंद करत सुटतात.

मी डिटेल्समध्ये मथळ्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'सीपीयू टाइम' हा रकाना वाढवला. माझ्या मते टास्क मॅनेजरमधली सगळ्यात दुर्लक्षित सोय हीच. टक्का म्हणजे त्या क्षणाचा फोटो, तुम्ही बघत असताना चोर शांत असेल तर हाती काही लागत नाही. सीपीयू टाइम म्हणजे हजेरीपट : सुरू झाल्यापासून कोणी एकूण किती वेळ प्रोसेसर वापरला. लावून ठेवायचं आणि आपल्या कामाला जायचं.

दुपारी सव्वाबाराला, मशीन चालू होऊन ३ तास १० मिनिटं झाल्यावर :

डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट : २ तास ४१ मिनिटं
डिफेंडरची स्कॅन करणारी सेवा : १४ मिनिटं
सर्च इंडेक्सर : ९ मिनिटं
पेजमेकर : ७ मिनिटं

ज्याच्यासाठी मशीन घेतलं त्याच्या वाट्याला सात मिनिटं. काकांना आकडे दाखवले. या आकड्यांवर त्यांचा लगेच विश्वास बसला, कारण छापखान्यात मजुरी तासांवरच मोजतात.

डिफेंडर आणि इंडेक्सरबद्दल : डी ड्राइव्हवर 'जुने अंक' म्हणून फोल्डर आहे, स्कॅन केलेल्या पीडीएफचं. इंडेक्सर म्हणजे शोधासाठी फाइलींची सूची करणारा, तो त्यात शिरतो, पण ताई काम करत असतील तेव्हा तो स्वतःच आखडता हात घेतो. नऊ मिनिटं म्हणजे किरकोळ. तरी इंडेक्सिंग ऑप्शन्समधून ते फोल्डर वगळलं. त्यात शब्द शोधायला कोणी जात नाही, आणि स्कॅन म्हणजे नुसती चित्रं, त्यातला शब्द शोधून सापडणारही नाही. डिफेंडरला हात लावला नाही. या मशीनला दिवसभरात दहा लोकांचे पेनड्राइव्ह लागतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

शंका : व्हायरस तर नाही? चोरून क्रिप्टो खणणारे प्रोग्रॅम विंडोजच्याच एखाद्या सेवेचं नाव घेऊन बसतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे पत्ता. प्रोसेसवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'. खरा प्रोव्हायडर होस्ट सिस्टिम३२ च्या आतल्या 'डब्ल्यूबेम' फोल्डरमध्ये राहतो. त्याच नावाचा कोणी टेम्प किंवा अ‍ॅपडेटामधून चालत असेल तर दाल में काला. इथे पत्ता बरोबर.

प्रोसेस एक्स्प्लोरर चालवला. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचं हे अवजार. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती मंडळी आपल्यात घेतली, तरी अवजार आजही फुकट. त्यात फाइलची सही तपासली, सही मायक्रोसॉफ्टचीच. 'इंटरप्ट्स' ही ओळ वेगळी दिसते, तिथे अर्धा टक्काही नाही, म्हणजे एखादं बिघडलेलं कार्ड किंवा ड्रायव्हर सारखा दारावर थापा मारतोय असंही नाही. जेवणाच्या सुट्टीत डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. काही सापडलं नाही.

गल्लीतल्या मोबाइलवाल्याने सल्ला दिला, "ती डब्ल्यूएमआयची सर्व्हिसच बंद करून टाक ना." बंद करू नयेच. विंडोजचे कितीतरी भाग तिच्यावर चालतात. नुसती रिस्टार्ट मात्र करून बघितली. चार मिनिटं शांतता, पाचव्या मिनिटाला पुन्हा २५.

अपेक्षितच. डब्ल्यूएमआय ही विंडोजची चौकशी खिडकी आहे. कुठलाही प्रोग्रॅम तिथे येऊन विचारतो : डिस्कवर जागा किती, बॅटरी कुठवर, कोणकोणती उपकरणं जोडली आहेत. प्रोव्हायडर होस्ट हा खिडकीमागचा कारकून. तो दमलाय ते रांग लांब आहे म्हणून. कारकून बदलून रांग कमी होत नाही. रांगेत कोण उभं आहे ते टास्क मॅनेजर सांगत नाही, त्याच्या हिशेबात सगळा वेळ कारकुनाच्या नावावर चढतो.

अर्धा दिवस गेला. ताईंनी तेवढ्यात हाताने प्रूफं तपासली.

१५ सप्टेंबर, सोमवार

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदवह्या. डावीकडच्या झाडात अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय-अ‍ॅक्टिव्हिटी, ऑपरेशनल. ही वही विंडोजमध्ये पहिल्यापासून उघडी असते, वेगळी चालू करावी लागत नाही. उघडायला मात्र कोणी जात नाही.

तिथे लाल खुणांची रांगच रांग. सगळ्या ५८५८ क्रमांकाच्या, दर दोन-तीन सेकंदांना एक. प्रत्येक नोंदीत विचारणाऱ्याचा प्रोसेस क्रमांक आणि त्याने काय विचारलं ते, दोन्ही असतं. क्रमांक सगळीकडे ४३८४. प्रश्नही एकच : मशीनला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी द्या. आणि निकाल ०एक्स८००४१०३२. या आकड्याचा अर्थ 'विचारणाऱ्यानेच काम रद्द केलं'.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये पीआयडीच्या रकान्यात ४३८४ शोधला. यूपीएसचा मॉनिटर! यूपीएसबरोबर सीडीवर आलेला छोटा प्रोग्रॅम, घड्याळाशेजारी हिरवी बॅटरी दाखवणारा. त्याचा स्वतःचा वापर ०. दिवसभरात सीपीयू टाइम दोन सेकंद. वरून बघणाऱ्याला हा सगळ्यात सज्जन. काम सांगणारा मुकादम सावलीत, घाम कारकुनाला.

हे ५८५८ फसलेल्या किंवा रद्द झालेल्या प्रश्नांसाठीच उमटतं. प्रश्न सुरळीत सुटत असते तर ही रांग इथे दिसली नसती आणि मला ट्रेस लावत बसावं लागलं असतं. नशीब.

दुपारी दीडला मॉनिटर बंद केला. वीस सेकंदांत प्रोव्हायडर होस्ट शून्यावर. रिकामा वेळ ६८ वरून ९५. काकांना म्हटलं, सापडला. स्टार्टअपच्या यादीतूनही तो काढला. काकांनी वडे मागवले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसऱ्या कामावर होतो. नोंद नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

ताईंचा फोन. "सर, थोडं बरं आहे, पण कोरलमधून पीडीएफ काढायला अजून तेवढाच वेळ लागतो. आणि पंखा विमानासारखा."

वडे खाऊन झालेत, आता हे ऐकायचं. फोनवरच टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. प्रोव्हायडर होस्ट शून्य, आमचा सोमवारचा विजय जागेवर. "पीडीएफ काढताना परफॉर्मन्सच्या पानावर किती?" "२८ टक्के." चारही थ्रेड कामाला लागलेले असताना २८? मग उरलेले ७२ कोण खातंय? रिकामे असतील तर पीडीएफ का रेंगाळतेय?

तेव्हा गुरुवारी टिपून ठेवलेली विचित्र गोष्ट आठवली. १२ आणि ३२.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं बाजूला ठेवून आधी हेच.

विंडोज ८ पासून विंडोज १० पर्यंत टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस आणि परफॉर्मन्स या पानांवर जो टक्का दिसतो तो नुसत्या वेळेचा नसतो. त्यात वेगही धरलेला असतो. प्रोसेसर पूर्ण वेळ गुंतलेला आहे, पण ठरलेल्या वेगाच्या एक तृतीयांश वेगाने चालतोय, तर तो आकडा १०० न दाखवता ३३ दाखवतो. कारण त्या वेगाला आठ तासांत तेवढंच काम होतं. डिटेल्सच्या पानावरचा टक्का मात्र निव्वळ वेळेचा : हात रिकामे होते की गुंतलेले, बस. ३२ टक्के वेळ गुंतलेला आणि वेग १.१ भागिले ३.४, म्हणजे साधारण १०-११. किरकोळ फरक सोडला तर पहिल्या दिवशीचा १२ हाच. हिशेब जुळत नव्हता असं नाही. मीच दोन वेगळे हिशेब एक समजत होतो.

म्हणजे पीडीएफ काढतानाचे २८ टक्के म्हणजे हा प्रोसेसर जिवाच्या आकांताने धावतोय, आणि एवढंच धावू शकतोय.

तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावलं. कोरलमध्ये कव्हरची फाइल उघडून पीडीएफला सोडली. तापमान ४५ वरून वीस सेकंदांत ९८, मग १००. 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे 'येस'. वेग ३.४ वरून १.४, १.१, ०.८, पुन्हा १.१. हा प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग तोडत होता आणि आठवडाभर मी त्याला 'वीज वाचवतोय' म्हणत होतो. काम नसताना ०.८ ठीक. एक थ्रेड पूर्ण अडकलेला असताना १.१२ ठीक नव्हतं. गुरुवारीच थांबायला हवं होतं.

प्लग काढला, कॅबिनेट आडवं केलं, झाकण उघडलं. धूळ होतीच, कागदाचा भुगा मिसळलेली, छापखान्याची खास, ओल्या कापसासारखी. पण ती गौण. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसतो. त्यातली एक पूर्ण वर आलेली, दुसरी अर्धी. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, एका कोपऱ्यात उचललेला, बोटाने हलतोय. खालची, उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी.

"काका, हे मशीन कधी आपटलंय का?"

"छे. हां, गणपतीच्या आधी भिंती रंगवल्या. तेव्हा पोरांनी टेबलं हलवली खरी."

गणपतीच्या आधी. ताईंचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं की गणपतीनंतर त्रास सुरू झाला. मी ते 'अपडेटनंतर' असं ऐकलं होतं.

ब्लोअरने धूळ उडवली, पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर हवेच्या झोताने ती भिंगरीसारखी फिरतात आणि बेअरिंग जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसली, मटाराएवढी नवी लावली. खिट्ट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. प्रत्येकीचा 'टक' ऐकू आला पाहिजे, आणि बोर्डाच्या मागून काळं टोक बाहेर आलंय का ते बघितलं पाहिजे. एक खिट्टी चिरलेली होती. दुकानातल्या मोडीत काढलेल्या पंख्याची काढून लावली.

झाकण लावायच्या आधीच परीक्षा. तीच कव्हरची फाइल. आधी ६ मिनिटं ४० सेकंद लागले होते, आता १ मिनिट ५५. तापमान ६३ वर थांबलं. वेग ३.३९, हलला नाही. परफॉर्मन्सच्या पानावर ९७ टक्के. ताई दचकल्या, "बापरे, आता तर सत्त्याण्णव!" त्यांना म्हटलं, असू द्या. असंच हवं.

२० सप्टेंबर, शनिवार

एक प्रश्न डोक्यातून जाईना. यूपीएसचा मॉनिटर तर दोन वर्षांपासून या मशीनवर आहे. तो गणपतीनंतरच का पिसाळला?

शनिवारी दुपारी छापखाना बंद असतो. काकांकडून किल्ली घेऊन बसलो. मॉनिटर पुन्हा चालू केला. दोन तास ठेवला. प्रोव्हायडर होस्टचा सीपीयू टाइम अडीच मिनिटं. ५८५८ ची एकही नवी नोंद नाही. तोच प्रोग्रॅम, तीच आवृत्ती, तीच यूपीएस. आता साधू.

मग मुद्दाम मशीन हळू केलं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असतं, तिथे १०० चे ५० केले. वेग १.७. पाऊण तास वाट बघितली, काही नाही. मग २५ केले. वेग ०.८. सहाव्या मिनिटाला पहिली ५८५८, आणि दहा मिनिटांत प्रोव्हायडर होस्ट २५ टक्क्यांवर जाऊन बसला. खुर्चीतून उठून एकट्यानेच टाळी वाजवली. वॉचमन डोकावून गेला.

पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून तोच प्रश्न मीही विचारून बघितला आणि वेळ मोजला. पूर्ण वेगावर उत्तर ०.७ सेकंदात, १.७ वर १.४ सेकंदांत, ०.८ वर ३ सेकंदांच्या वर. मॉनिटर लिहिणाऱ्याने कुठेतरी 'एवढ्या वेळात उत्तर नाही आलं तर सोडा आणि पुन्हा विचारा' असं घातलेलं असणार. ती मर्यादा दीड ते तीन सेकंदांच्या मध्ये कुठेतरी, माझा अंदाज दोन. आणि विचारणाऱ्याने सोडलं म्हणून खिडकीमागचा कारकून हातातलं काम लगेच टाकतोच असं नाही. तो अर्धी यादी करत असतानाच दुसरा अर्ज, मग तिसरा.

आता सगळं ओळीत लागतं. रंगकामात खिट्टी उचकटली. हीटसिंक सुटला, प्रोसेसर तापला, त्याने वेग तोडला. पाऊण सेकंदाचं उत्तर तीन सेकंदांवर गेलं. मॉनिटर कंटाळून पुन्हा पुन्हा विचारू लागला. त्या कामाने एक थ्रेड अडकला, त्याने प्रोसेसर आणखी तापला, वेग आणखी तुटला. रहाटगाडगंच. सोमवारी मी त्यातला एक डबा काढला, म्हणून ताईंना 'थोडं बरं' वाटलं.

मॉनिटर बंद केल्याकेल्या आकडा खाली आला म्हणून मी तो चोर ठरवला. पुरावा खरा होता, निकाल अर्धा. हळू मशीनवर निर्दोष प्रोग्रॅमही असाच वागला असता असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तर मिळालं नाही तर दर खेपेला थोडं जास्त थांबून विचारावं, ही साधी रीत. ती त्याने पाळली असती तर काकांचं मशीन तापलं असतं, पण एवढं अडलं नसतं.

मॅक्सिमम स्टेट पुन्हा १००. हे विसरलो असतो तर सोमवारी ताईंनी माझी पूजा केली असती. परत येऊन दोनदा तपासलं.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

काकांशी बोलणं. मॉनिटर ठेवायचा की काढायचा? यूपीएस वीस मिनिटं टिकते आणि ताई समोर बसलेल्या असतात. वीज गेली की त्या स्वतः सेव्ह करतात, आवाज सगळ्या छापखान्याला ऐकू येतो. रात्री मशीन बंदच असतं. तेव्हा हिरव्या बॅटरीची गरज नाही. काढला. विंडोजला यूएसबीवरून यूपीएस बॅटरीसारखी दिसतेच, पाच टक्क्यांना शट डाउन ही सोय विंडोजचीच लावून दिली.

मशीन बदलायचा विषय मीच काढला. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपतोय आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी तरी लागते, ही चौथी. काका म्हणाले, "पेजमेकर चालतोय तोवर चालू दे. खिळे जुळवायचे तेव्हा कुठे आधार होता कुणाचा?" तडजोड अशी : दिवाळीनंतर ईमेल आणि पेनड्राइव्हसाठी वेगळं नवीन मशीन, हे मशीन इंटरनेटवरून काढून फक्त पेजमेकर-कोरलला. काकांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार असं यापूर्वी तीनदा वाटलंय.

बिल : पेस्ट, दोन फेऱ्या, सफाई. सोमवारचे वडे वजा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बारावा फर्मा रात्री आठ वाजता प्लेटला गेला.

दिवसभराचा हजेरीपट, मशीन ११ तास चालू : कोरल १ तास ५२ मिनिटं, पेजमेकर ४८ मिनिटं, डिफेंडर ३१ मिनिटं, इंडेक्सर २ मिनिटं, प्रोव्हायडर होस्ट ४० सेकंद. जास्तीत जास्त तापमान ६६.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

पूजेला बोलावलं होतं. ऑफसेट मशीन, कटिंग मशीन, आणि टेबलावरचं कॅबिनेट, तिघांना हळदकुंकू आणि झेंडूची भरघोस माळ. कॅबिनेटची माळ नेमकी पुढच्या जाळीवर, हवा आत घ्यायची जागा पूर्ण झाकलेली. पूजा झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो उघडून बघितलं, ७१. काका आतल्या खोलीत गेल्यावर माळ उचलून स्क्रीनला घातली. दहा मिनिटांनी ४४.